पाटीवर तोंड नको

हिंगोली जिल्ह्यात माणूस दुकान टाकतो तेव्हा आधी माल भरत नाही, आधी फोटो काढून घेतो. खोटं वाटत असेल तर वारंगा फाट्यावर घटकाभर उभं राहून बघा. पंक्चरच्या एका साध्या दुकानाच्या पाटीवर मागं कोण कोण होतं? मालक, मालकाचे वडील, वडिलांचे साडू, दोन पुढारी, कुलदैवत, आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून उभी केलेली सगळी भावकी. पंक्चर हा शब्द कुठं? तर खाली कोपऱ्यात, धाकट्या नातवाच्या कानापाशी. रावणाला दहा तोंडं म्हणून आपण त्याला दरसाल जाळतो, आणि बारा तोंडांच्या पाटीला मात्र नारळ फोडून हार घालतो. घ्या!

अशा मुलखात सत्यशीलानं फ्लेक्सचं दुकान टाकलं, आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायला लागली, "पाटीवर तोंड नको." हलवायानं गल्ल्यावर बसून गोड खाऊ नका म्हणावं, तसलाच हा प्रकार. लोक म्हणाले, बाई दोन महिन्यांत कुलूप लावणार. बाईनं लावलं नाही.

सत्यशीला अंगानं उंच, रंगानं सावळी, आणि आवाज असा की चार गाळ्यांपलीकडच्या चहावाल्याला फोन करायची गरज पडत नाही. पदर खोचून कॉम्प्युटरपुढं बसली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नवरा शिवहार लोखंडी अँगल जोडून पाट्या उभ्या करतो, आणि पाटी उभी झाली की मोबाईलवर तिचा फोटो काढतो. तो बोलायला कमी. "ती म्हणते, मी चढतो," एवढंच सांगतो आणि शिडी उचलतो. संसार झकास चाललाय दोघांचा.

तिचं माहेर सेनगाव तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. तळ्यावर पाण्याला चार घरचे कळप एकत्र आले की नुसता गोंधळ व्हायचा. जो तो आपलं मेंढरू हुडकत फिरायचा. सगळ्यांची मेंढरं काळी, आणि सगळे पाठीवर लावणार गेरू. काळ्या लोकरीवर गेरू दिसणार तो काय, कप्पाळ! सत्यशीलाची आई चतुराबाई मात्र पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावून उरलेला पिवळा रंग जपून ठेवायची आणि प्रत्येक मेंढराच्या मानेवर हाताएवढा एकच ठसा मारायची. नाव नाही, नक्षी नाही. चतुराबाईचा कळप माळाच्या त्या टोकाला असला तरी या टोकावरून ओळखू यायचा. लेकीनं एकदा विचारलं होतं, पाठीवर आणखी दोन ठसे मारू का, छान दिसतील. आई म्हणाली, "छान दिसायला ते काय नवरदेव हाय व्हय? आपलं हाय एवढं लांबून कळलं पाह्यजे, बास."

लग्नानंतर सत्यशीला कळमनुरीला एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागली. तिथं ती कॉम्प्युटर शिकली आणि तोंडंही शिकली. वाढदिवसाच्या बॅनरवर कुणाचं तोंड मोठं, कुणाचं बारीक, कोण हात जोडून आणि कोण हात उंचावून, याचं एक शास्त्रच आहे आपल्याकडं. बोटभर कमी-जास्त झालं म्हणून सख्ख्या भावांनी वर्षभर एकमेकांच्या घरचं पाणी न पिल्याचं तिनं डोळ्यांनी पाहिलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या मिशा कापून चिकटवायच्या! जीव विटला तिचा. स्वतःचं दुकान टाकीन तेव्हा हे करणार नाही, असं तिनं तिथंच ठरवलं.

फाट्यावर गाळा घेतला आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते पंक्चरवाला प्रेमसिंग. हो, तोच, नातवाच्या कानाजवळ पंक्चर लिहिणारा. तिनं त्याची सगळी भावकी उतरवली आणि पांढऱ्याफेक पत्र्यावर एकच काळं, जाडजूड टायर काढून दिलं. प्रेमसिंग आठ दिवस तोंड पाडून बसला. नंतर त्याला बसायलाच सवड मिळेना. ट्रकवाल्याला वाचायला वेळ नसतो हो, त्याला लांबून टायर दिसलं की त्याचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. मग बियाणंवाले आले, चपलांवाले आले. सत्यशीलाचं बस्तान बसलं.

आता तो गाळा कुणाचा, हे सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. फाट्यावरची ती गाळ्यांची ओळ किसनरावांची. किसनराव म्हणजे मोठे जमीनदार, भला माणूस, कुणाच्याही मदतीला उभा राहणारा. लग्न त्यांच्याशिवाय लागत नाही, भांडण त्यांच्याशिवाय मिटत नाही. एकच खोड. पाटी कुणाचीही असो, तिच्यावर आपलं तोंड पाहिजे. भगवा फेटा, जोडलेले हात आणि भोवती फुलांची चौकट, असा त्यांचा एक फोटो आहे. तो या फाट्यापासून वसमतच्या वाटेवरच्या खेड्यापाड्यांपर्यंत दर मैलावर लटकलेला असतो. लोक त्यांना आबा म्हणतात. सत्यशीलाही आबाच म्हणायची. भाडं वाढवायचं नाव त्यांनी कधी काढलं नव्हतं, आणि तिच्या बिनतोंडाच्या पाट्यांकडं ते 'पोरीचं खूळ' म्हणून काणाडोळा करत होते. त्या पाट्या परक्यांच्या होत्या तोवर करत होते.

किसनरावांचे धाकटे भाऊ नामाजी. त्यांचं फाट्यावर खिचडीचं हॉटेल आहे. आता वारंगा फाटा आणि खिचडी यांचं नातं काय सांगायचं, इथं चहाच्या दुकानात गेलात तरी खिचडीच पुढ्यात येते. पण नामाजींची खिचडी म्हणजे वेगळीच गोष्ट. मऊ, पिवळीधमक, वर लसणाची फोडणी आणि तळलेली लाल मिरची. अडचण एवढीच की हे खाल्ल्याशिवाय कळत नाही, आणि खायला गाडी थांबावी लागते. रस्ता मोठा झाला तशा गाड्या सूं करून जायला लागल्या. दोन्ही बाजूंना रांगेनं खिचडीची हॉटेलं, सगळ्यांच्या पाट्या लाल-पिवळ्या, सगळ्यांवर तोंडं, आणि प्रत्येक जण 'सुप्रसिद्ध'. नामाजींचं हॉटेल रांगेत शेवटचं. तिथपर्यंत गाडी पोचेस्तोवर आतल्या माणसाचं कुठंतरी खाऊन झालेलं असायचं.

भादव्यातल्या एका दुपारी नामाजींची सून पुनम सासऱ्याला घेऊन सत्यशीलाच्या दुकानात आली. पुनम हसरी आणि तोंडाची फटकळ. आल्या आल्या तिनं सांगायला सुरुवात केली.

"ताई, आमच्या पाटीवर मधोमध आबांचा तो फेट्यातला फोटो हाय ना, फुलांच्या चौकटीतला? परवा एक गाडी थांबली. म्हातारी बाई उतरली, पाटीला हात जोडले अन् मामांना इचारती, कधी गेले हो?"

"कोण गेलं?" सत्यशीलानं विचारलं.

"तेच म्हणले मामा. तर बाई म्हणती, हेच की, पाटीवरले. चेहरा किती तेजाळ हाय! अन् आबा आत बसून खिचडी खाऊन राहिले!"

सत्यशीला इतकी हसली की पलीकडचा चहावाला बघायला आला. नामाजी काही हसले नाहीत.

"हसण्यावारी नेऊ नका," ते म्हणाले. "ती बाई न खाताच गेली. सुतकाच्या घरी कोण जेवतंय? दुसरे काही जण हापिस समजून निघून जातेत, कुण्या पुढाऱ्याचं. मला मोठी पाटी पाह्यजे. दुप्पट मोठी. दादांचा फोटो थोडा हसरा घाला, म्हंजे जिते हायेत हे कळंल."

"काका, एक सांगू का? फोटोच नको."

"दादांचा बी?"

"दादांचा बी, तुमचा बी, देवाचा बी. देव देव्हाऱ्यात बरा. रस्त्यावर आपली खिचडी दिसली पाह्यजे, दुसरं कायबी न्हाई."

नामाजींच्या कपाळाला घाम फुटला. पुनम मात्र लगेच म्हणाली, "बराबर हाय. लोक खिचडी खायला येतेत मामा, आपली वळख परेड करायला न्हाई."

चार दिवस सत्यशीला फाट्यावर नुसती हिंडली. नांदेडकडून येताना काय दिसतं, हिंगोलीकडून येताना काय दिसतं, हे तिनं शिवहारच्या मोटारसायकलवर मागं बसून बघितलं. दिसत काहीच नव्हतं. लाल, पिवळं, लाल, पिवळं, आणि मधून मधून मिशा. मोठी पाटी लावून उपयोग नव्हता. गेरूवर आणखी गेरू थापल्यासारखं झालं असतं ते. तिनं पाटी केली ती काळी. सपाट काळी, आणि तिच्यावर पिवळ्या खिचडीचा एक मोठा ढीग, ढिगावर आडवी एकच लाल मिरची. खाली ठसठशीत दोन शब्द, 'नामाजींची खिचडी'. सुप्रसिद्ध नाही, एकमेव नाही, काही नाही.

काळा रंग पाहून नामाजींच्या बायकोनं, चंद्रभागाबाईंनी, पदर तोंडाला लावला. "अगं बाई, शुभ कामाला काळं? काहून असं?"

"लेकराला काळा टिक्का काहून लावता मावशी?" सत्यशीला म्हणाली. "दृष्ट लागू नये म्हणूनच ना? मग हॉटेलाला लावला म्हणून काय बिघडलं?"

चंद्रभागाबाईंना ते पटलं आणि पुढं आल्या-गेल्याला त्याच सांगू लागल्या. सत्यशीला पाटीवर थांबली नाही. हॉटेलाची दर्शनी भिंत तिनं काळी करवली, पार्सलच्या पिशवीवर तीच मिरची छापली, वाढणाऱ्या बायांना काळे एप्रन आणि छातीशी तोच पिवळा ढीग. "मिरची बदलायची न्हाई," तिनं पुनमला बजावलं. "दिवाळीला कंदील लावा, पोळ्याला तोरण लावा, पण मिरची हीच. माणसाच्या डोळ्याला वळख पडू द्या."

पाटी लागली त्या दिवशी संध्याकाळी किसनराव आले. रस्त्याच्या पलीकडं जीप थांबवून त्यांनी पाटी वरपासून खालपर्यंत पाहिली. कोपऱ्यात पाहिलं, मागं जाऊन पाहिलं. मग सरळ सत्यशीलाच्या दुकानात आले.

"पोरी, सख्ख्या भावाचं हॉटेल हाय ते. जागा मी देली, पहिली चूल मी पेटवली."

"ठावं हाय मला, आबा."

"मग माझा फोटो कुठं गेला?"

"फोटो पुनमनं घरात लावलाय, बैठकीत. तिथं चांगला दिसतोय. हॉटेलावर न्हाई लागत."

"लोकं काय म्हणतील? भावाभावात वाकडं आलं म्हणतील!" किसनरावांचा आवाज चढला. त्यात राग होता, पण त्याहून जास्त त्यांना लागलं होतं, हे सत्यशीलाला कळत होतं. "एका बाजूला बारीकसा लाव. मी काय पुरी पाटी मागून राहिलो का?"

"आबा, तुमचा लावला की काकांचा पाह्यजे. काकांचा लावला की व्याह्याचा. एक तोंड आलं की मागून सगळी वरात येती. न्हाई लागणार."

किसनराव दाराकडं वळले. मग म्हणाले, "गाळा माझा हाय. फोटो लाव, न्हाईतर दसऱ्याला चावी आणून दे."

आणि गेले. शिवहार शिडी धरून तसाच उभा. रात्री जेवताना त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच लांब भाषण केलं. पाण्यात राहून माशाशी वैर बरं नाही, फाट्यावर दुसरा गाळा मोकळा नाही, मशीन ठेवायचं कुठं, आणि एवढासा फोटो लावला तर कुणाचं काय जातंय. खरं होतं सगळं. गाळा गेला की तिचं दुकान गेलं, आणि दुकान गेलं की परत कळमनुरी, परत मिशा कापणं. सत्यशीलाला भीती वाटली. वाटली ना, काहून वाटू नये? पण ती भाकरी मोडत म्हणाली, "आज एक फोटो लावला तर उद्या प्रेमसिंग येईल, माझा बी लाव म्हणून. मग दुकान राहून बी माझं काय राहिलं?" शिवहारनं मान डोलावली आणि आणखी एक भाकरी घेतली.

पहिल्या आठवड्यात काही म्हणजे काही झालं नाही. शेजारचे हॉटेलवाले येऊन "कोण वारलं?" असं चिडवून गेले. नामाजी रोज हळूच विचारायचे, "कोपऱ्यात, बारीकसा, दादांचा...?" आणि ती रोज म्हणायची, "न्हाई काका." दुसऱ्या आठवड्यात एक गाडी थांबली, मग दोन. गाडीतले सांगायचे, इथून मागं एकदा जाताना काळी पाटी पाहिली होती, आज ठरवूनच थांबलो. पितृपंधरवडा संपता संपता जीपवालेच ओरडायला लागले, "काळ्या पाटीवाले उतरा!" लोक फोनवर एकमेकांना खूण सांगू लागले, लाल मिरची दिसली की थांब. नवरात्रात तर बाहेर आणखी बाकडी टाकावी लागली. खिचडी तीच होती हो, नामाजींच्याच हातची. फक्त आता ती लोकांना रस्त्यावरून दिसत होती.

पण किसनरावांकडून निरोप नाही. ते हॉटेलाकडं फिरकले नाहीत, आणि सत्यशीलाच्या दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडं करू लागले. दसरा उजाडला. पूजा झाली. सत्यशीलानं मशीन पुसलं, शटर ओढलं आणि चावी घेतली. आबा नामाजींच्या हॉटेलात आलेत, सणाचं चंद्रभागाबाईंनी हट्टानं बोलावलंय, असं कळलं होतं. ती ताठ मानेनं चालत गेली. रडायचं ते घरी जाऊन रडू, असं तिनं ठरवलं होतं.

किसनराव बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. नवा फेटा, कडक धोतर. तिनं त्यांच्यापुढं टेबलावर चावी ठेवली. "आबा, ही घ्या. मशीन उद्या हलवतो आमी."

किसनरावांनी चावीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं, तेवढ्यात एक मोठी गाडी येऊन थांबली. नागपूरकडचं कुटुंब होतं, दहा-बारा माणसं, लेकरंबाळं. बोलणं तिथंच राहिलं, सत्यशीलाही पुनमच्या जोडीनं वाढायला लागली, चावी टेबलावर तशीच. खाऊन तृप्त होऊन मग सगळे पाटीखाली गोळा झाले. त्यातली एक तरुण बाई मोबाईल घेऊन थेट किसनरावांपाशी आली.

"काका, फोटो काढायचा होता."

किसनरावांचा चेहरा उजळला. काय ते क्षणभरातलं तेज! उठले, फेटा नीट केला, आणि जाऊन त्या मंडळींच्या मधोमध हात जोडून उभे राहिले. सवयच ती.

बाई ओशाळली. "अहो काका, तसं नाही. आम्हा सगळ्यांना यायचंय, म्हणून तुम्ही काढून द्याल का, असं म्हणत होते."

पुनमच्या हातातला चमचा तसाच राहिला. नामाजी खांबाआड झाले. सत्यशीलालाच कसंसं झालं. तिला आबांचा राग होता, पण चारचौघांत त्यांचं असं व्हावं, हे तिला नको होतं. तो फोटो मी काढते म्हणून ती पुढं निघाली.

पण किसनरावांनी हात पुढं करून मोबाईल घेतला. डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. एक पाऊल मागं गेले, मग आणखी चार. बराच वेळ त्यात बघत राहिले. एवढी वर्षं माणूस फोटोच्या आत उभा होता, बाहेरून काय दिसतं ते आज पहिल्यांदा बघत होता. पाटी, ढीग, मिरची, आणि खाली दाटीवाटीनं उभी असलेली पोटभर जेवलेली माणसं.

"ओ पाव्हणं!" ते एकदम ओरडले. "ते उंच कोण हायेत, ते खाली बसा की जरा! तुमच्या डोक्याआड मिरची चालली. अन् ताई, तुमी डावीकडं सरका. माणसं बाजूला व्हा, पाटी दिसू द्या!"

माणसं हसत बाजूला झाली. किसनरावांनी एक फोटो काढला, तो पटला नाही, दुसरा काढला, मग आडवा धरून तिसरा. पाव्हणे निघून गेले. आबा घाम पुसत बाकड्यावर येऊन बसले. पुनमनं खिचडीचं ताट पुढं आणलं, तर ठेवायला जागा नाही, चावी मध्ये.

"उचल ती," किसनराव सत्यशीलाला म्हणाले. "सणासुदीला काय चाव्या वाटत फिरती?"

सत्यशीलानं चावी उचलली. तिचे डोळे भरले, आणि तिनं ते लपवले नाहीत. किसनरावांनी खिचडीवरची मिरची कुस्करली, एक घास खाल्ला, आणि पाटीकडं बघत म्हणाले,

"हे बघ पोरी. आता दुसरी पाटी लावशील तेव्हा फोटो काढायला मला बोलव. तुझा नवरा तिरपा काढतो."